साडीवरचा शर्ट

खतांच्या दुकानात दिवाळीनंतर फुकट मिळणारं कॅलेंडर हीच आमच्या गावची चित्रशाळा होती. त्या काळी कॅलेंडर म्हणजे वर एक भलंमोठं चित्र, त्याखाली दुकानाचं नाव आणि तळाला पिना मारलेलं बारा पानांचं चोपडं. वर्ष सरलं की चोपडं चुलीत जायचं, चित्र भिंतीवरच राहायचं. एकेका सोप्यात अशी पाच-सहा वर्षं शेजारी शेजारी टांगलेली असत. त्यात देव असत, शिवाजी महाराज असत, रांगता कृष्ण असे. आणि मध्येच एखाद्या वर्षी ‘ती’ येई. पाण्याला निघालेली बाई. डोक्यावर दोन घागरींची उतरंड, कमरेवर कळशी, हिरवं लुगडं, लाल खणाची चोळी, कपाळावर कोर, आणि मान अशी वळलेली की मागून कुणीतरी हाक मारली आहे आणि ती हाक तिला आवडलीही आहे.

घराघरांत छापील चित्र पोचवण्याची ही वाट रविवर्म्यांनी घालून दिली. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून मुख्यतः देवादिकांची आणि पुराणातल्या नायिकांची चित्रं निघाली. पाण्याला जाणारी साधी बाई भिंतीवर चढली ती पुढच्या पिढ्यांत. आमच्या वेळी रघुवीर मुळगावकर आणि एस. एम. पंडित यांची सद्दी होती. मुळगावकर स्प्रेनं रंग देत, त्यामुळे त्यांच्या बायकांच्या कातडीवर कुंचल्याचा फटकारा म्हणून दिसत नसे. गाल, दंड, गळा, सगळं एकसारखं उजळ. दीनानाथ दलाल निराळे. त्यांची सगळी मदार रेषेवर. १९४५ पासून ते स्वतःच ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढू लागले आणि त्याचं मुखपृष्ठ ही दर दिवाळीची उत्सुकता झाली. मुळगावकर आणि दलाल दोघेही गोव्याचे आणि वयानं जवळजवळ बरोबरीचे. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते, वाचनालयाची कपाटं त्यांच्याकडे असत. फराळाच्या डब्याइतक्याच ओढीनं आम्ही भावंडं त्या अंकांवर तुटून पडायचो, आणि आधी मुखपृष्ठ कोण बघणार यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

ही चित्रं ज्यांची म्हणून काढली होती त्या बायकांना ती कशी वाटत, हे विचारायची पद्धत नव्हती. न विचारताच सांगणारी एक आमच्या घरात होती. आमची आत्या. कृष्णाकाठच्या मळ्यात तिचा जन्म गेलेला. सोप्यातल्या कॅलेंडरासमोर कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, “ही बया पाण्याला चाललीया का जत्रंला? आन् चुंबळ कुठाय हिची?” खरंच, चित्रातल्या बाईच्या डोक्यावर चुंबळ नव्हती. केसांवर थेट पितळेची घागर, तिच्यावर दुसरी, आणि केसांचा भांग जागच्या जागी. मग आत्यानं तिच्या टाचा बघितल्या. “भेगा न्हाईत. हिला म्हणावं आमच्या रानात यिऊन बघ.” तरीही दुसऱ्या वर्षी ते चित्र काढून ठेवायची वेळ आली तेव्हा तिनंच काढू दिलं नाही. बरं दिसतंय, राहू दे, म्हणाली.

पुढे मी चित्रकलेचा मास्तर झालो आणि ही बाई माझ्या वर्गात आली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय फिरून फिरून तेच: आठवडी बाजार, जत्रा, पाणवठा, शेतातली कामं. पाणवठा आला की वर्गाला हायसं वाटे, कारण पाणवठ्यावरची बाई पाठमोरी काढता येते. पाठमोऱ्या बाईला नाक-डोळे लागत नाहीत. निऱ्या पुढच्या बाजूला, म्हणजे त्याही टळल्या. घागर दिली की एक हात कुठे ठेवायचा हा प्रश्न सुटतो. वाकडं होई ते कासोट्याचं. तो जमला नाही तर पोरं तिथं एक झुडूप काढून मोकळी होत. झाड, झोपडी, दोन डोंगर, मधून सूर्य. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक घरांत कधी ना कधी अशी एक पाठमोरी बाई निघालेली असणार. मी आत्याची आठवण ठेवून फळ्यावर चुंबळ काढून दाखवायचो: फडक्याचा पीळ, त्याचं कडं, त्यावर घागरीचं बूड. आताशा मी रविवारी शिकवणी घेतो. तोच विषय दिला की मुलं आधी मोबाईलवर शोधतात, आणि मोबाईल त्यांना त्याच कॅलेंडराची नक्कल दाखवतो, फक्त रंग आणखी भडक. चुंबळ तिथंही नसते.

कामकरी बाईकडे नीट पाहणारे चित्रकार आपल्याकडे नव्हते असं नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर होते. जन्म कोल्हापूरचा, १८६७ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथेच शिकवलं, आणि १९३० मध्ये काही काळ तिथले संचालक झाले, तेही पहिले भारतीय. ओटो रॉथफेल्ड या आयसीएस साहेबाच्या हिंदुस्थानातल्या स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेली चित्रं १९२० साली छापली गेली. मासळीवाली, गवळण, बाजारातली विक्रेती, घरंदाज बाई, प्रत्येकीचं नेसणं वेगळं, उभं राहणं वेगळं. नऊवारी नेसलेली बाई उकिडवी बसली की निऱ्या कुठे गोळा होतात, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला कसा खोचला जातो, टोपली उचलताना गुडघा आधी वाकतो की पाठ, हे धुरंधरांना ठाऊक होतं. मी विद्यार्थ्यांना आधी त्यांच्याकडे पाठवतो, दलालांकडे नंतर. माझी कुरकुर एवढीच की साहेबाच्या पुस्तकाची मांडणीच नमुन्यांची होती. ही अमक्या जातीची, ती तमक्या प्रांतातली. एकेका पानावर एकेक बाई, आणि तिच्या आजूबाजूला तिचं काम जवळजवळ नाहीच.

आता त्या सगळ्या चित्रांची मनातल्या मनात उजळणी केली की लक्षात येतं, चित्रांनी बाईची कामं निवडून घेतली होती. पाणी आणणं आवडतं, कारण बाई ताठ उभी असते आणि चालते डौलानं. जातं आवडतं, कारण पहाट असते, समई किंवा चिमणी असते, हातातल्या बांगड्या दिसतात. ताक घुसळणं आवडतं, गोकुळाची आठवण येते म्हणून. फुलं वेचणं तर फारच आवडतं. पण आमच्याकडे बाईचा रानातला खरा वेळ जातो तो भांगलणीत. विदर्भात याला निंदण म्हणतात, कुठे खुरपणी. बाई एका पायावर बूड टेकून बसते, दुसरा गुडघा वर, डाव्या हातानं गवत धरायचं, उजव्या हातात खुरपं, आणि तसंच सरकत सरकत पुढे जायचं. दिवसभर. सऱ्यांमधून चार-सहा बायका एका ओळीत सरकत असतात आणि बांधावरून पाहणाऱ्याला फक्त पाठी आणि डोक्याला बांधलेली फडकी दिसतात. या बैठकीत डौल नाही. मान वळवून बघायला सवड नाही. कॅलेंडरवर ही बैठक मी कधी पाहिली नाही, आणि आमच्या मुलांच्या कागदावरही ती उतरत नाही, कारण ती आठवायला आधी पाहावी लागते.

वाकलेली बाई रंगवण्याचं धाडस फ्रान्समधल्या मिले या चित्रकारानं १८५७ साली केलं. कापणी झालेल्या शेतात तीन बायका सरवा वेचताहेत. दोघी पार कमरेत वाकलेल्या, तिसरी अर्धवट. मागे दूर धान्याच्या गंज्या आणि घोड्यावरचा मुकादम. ‘ग्लीनर्स’ या नावानं जगभर गाजलेलं ते चित्र त्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा बड्या लोकांना अजिबात रुचलं नाही. इतक्या गरीब बायका इतक्या मोठ्या कशाला रंगवायच्या, असा तो राग होता. आमच्या आत्यानं जन्मभर ज्वारीचा सरवा वेचला. मी तिला पुस्तकातलं हे चित्र दाखवलं होतं. तिनं ते बराच वेळ धरून ठेवलं आणि विचारलं, “पोटाशी झोळी बांधलीया का न्हाई हिनं?” बांधली आहे, म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

जात्याच्या बाबतीत मात्र चित्र हरलं आणि बायका स्वतःच जिंकल्या. चित्रात जात्यावरची बाई प्रसन्न असते. खरी बाई पहाटे तीनला उठलेली असे, खुंटा दोघींनी मिळून ओढायचा असे, आणि दंड भरून आले की ओवी वर चढे. त्या ओव्यांत माहेर होतं, विठ्ठल होता, भाऊ होता, आणि नवऱ्याचा, सासूचा, नशिबाचा जमाखर्चही होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जात्यावरच्या बाईचं खरं चित्र पाहायचं असेल तर ते त्या संग्रहात आहे. पिठाची गिरणी गावात आली, जातं दारामागे गेलं, आणि आमच्या आईनं त्याबद्दल एकदाही हळहळ व्यक्त केल्याचं मला आठवत नाही. हळहळलो आम्ही, ज्यांनी खुंट्याला कधी हात लावला नव्हता.

कामाचं एवढं, पण विश्रांतीचं काय? कॅलेंडरवरची बाई विसावते ती झोक्यावर, नाही तर उंबऱ्यात पोपटाशी बोलत, नाही तर वडाच्या पारावर, तेही घागर शेजारी ठेवून आणि कुणाची तरी वाट पाहत. म्हणजे ती दमली म्हणून बसलेली नसते. अमृता शेरगिल १९३६ च्या अखेरीस मुंबईत आल्या, अजिंठा-वेरूळ पाहून दक्षिणेत गेल्या, आणि १९३७ मध्ये त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्या तिघी नुसत्या बसल्या आहेत. त्यांच्या बसण्यात एक जडपणा आहे जो आपल्याकडच्या छापील चित्रांत कधी आला नव्हता. पुढे त्या गोरखपूरजवळच्या सराया गावात राहायला गेल्या आणि १९४० मध्ये त्यांनी बाजेवर आडवी झालेली, तांबड्या कपड्यांतली बाई रंगवली. मला हे चित्र फार आवडतं, पण त्यातली गोम अशी की शेजारी एक दुसरी बाई पंखा घेऊन बसली आहे. एकीला विश्रांती मिळते ती दुसरी कामावर असल्यामुळे. ही गोष्ट अमृताबाईंनी मुद्दाम मांडली की सहज आली, कोण जाणे. मांडली आहे खरी.

शेतात झोपलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली ती व्हॅन गॉगच्या चित्रात. १८९०च्या आगेमागे, सँ-रेमीच्या इस्पितळात असताना, मिलेच्याच एका चित्रावरून त्यानं ते केलं. गवताच्या गंजीच्या सावलीला नवरा-बायको आडवे झाले आहेत. नवरा उताणा, बायको हातावर डोकं ठेवून कुशीला मुडपलेली. बाजूला काढून ठेवलेले बूट आणि दोन विळे. दोन विळे, हे महत्त्वाचं. दोघांनी सारखंच काम केलं आहे आणि दोघं सारखेच झोपले आहेत. आमच्याकडे असं व्हायचं नाही. न्याहारी झाली की बापे बाभळीखाली आडवे व्हायचे. बायका तेवढ्यात भाकरीची फडकी झटकायच्या, पोराला पाजायच्या, म्हशीला चार पेंढ्या टाकून यायच्या, आणि मग पाठ टेकलीच तर बांधाच्या उताराला. दुपारी घरी असली तर आई पदर पसरून फरशीवर लवंडे, हाताची उशी करून, आणि दुसऱ्या हातानं सुपातले खडे चाचपत राही. तिचे डोळे मिटलेले असत, बोटं चालू असत.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याचं सर्वेक्षण केलं. बिनपगारी घरकामात बायकांची सरासरी निघाली दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. गॅस आला, नळ आला, मिक्सर आला, गिरणीही घरात आली. एवढं होऊन पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि बाप्यानंही आपली नऊ वाचवून घेतली.

दमलेली बाई मराठी मुलखातून चित्रात आणली ती एका बाईनंच. बी. प्रभा नागपूरजवळच्या बेला गावच्या, जन्म १९३३ चा. नागपुरात आणि मग जे. जे.त शिकल्या. त्यांच्या बायका उंच, सडपातळ, मान लांब, रंग बहुधा एकाच घराण्यातले, आणि चेहऱ्यावर हसू नाही. मासळीची टोपली घेतलेली कोळीण असो की नुसती बसलेली खेड्यातली बाई, ती आपल्याकडे वळून पाहत नाही. ती थकलेली आहे आणि तिला आपलं काही देणं लागत नाही. १९५६ च्या सुमारास एअर इंडियानं त्यांची चित्रं घेतली, तीही एकेक शंभर रुपयांच्या आतच. विमानकंपनीच्या भिंतींवर जगभर गेलेल्या या बायका गावातल्या सोप्यात मात्र कधी आल्या नाहीत. खतवाल्याला त्या परवडल्या असत्या, पण गिऱ्हाईकाला आवडल्या नसत्या. नारायण श्रीधर बेंद्र्यांच्या ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या खेडूत बायकांपुढे मी तासन् तास बसलो आहे. रंग म्हणून त्या अजून डोळ्यांसमोर येतात, बायका म्हणून येत नाहीत. हे माझं मत, मित्रांना पटत नाही.

आणि एक चित्रकला तर बायकांचीच होती. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला रंग, काडीचं टोक चावून केलेली लेखणी. मधोमध पालघाट देवी, भोवती लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. या चित्रांत कांडणारी बाई आहे, पाणी भरणारी आहे, नाचणारी आहे, आणि ती फक्त अंबाड्यावरून ओळखू येते. दोन त्रिकोण तिचे, दोन त्रिकोण त्याचे. नटवण्याची भानगडच नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे कागद घेऊन गेले, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या पुरुषानं हातात काडी घेतली. मशे अस्सल प्रतिभेचे, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. पण भिंतीवरची कला कागदावर आली, कागदाला बाजार आला, आणि बाजारात जी नावं झाली त्यांत पुरुष पुष्कळ, सवाशिणी थोड्या. आता वारली बायका चहाच्या कपावर, पडद्यावर आणि रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर कांडत असतात.

आमच्या गावातल्या भिंतींवरून चित्र कधी गेलं याचा मी माझ्यापुरता छडा लावला आहे. १९७३ साली कालनिर्णय आलं. त्यात तिथी होती, सण होते, मागच्या पानावर पाककृती होती, आणि मुख्य म्हणजे तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिता येत होता. बायकांना चित्रापेक्षा ते उपयोगी वाटलं. हळूहळू एका खिळ्याला एकच कॅलेंडर उरलं. पुढे घरं सिमेंटची झाली, सोपा गेला, आणि त्या जागी टीव्ही आला.

आता ती कॅलेंडरवाली बाई भेटते हमरस्त्यावर. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी लावलेलं एक तरी हॉटेल लागतं, आणि त्याच्या दारात फायबरची बाई जातं ओढत बसलेली असते. हिरवं लुगडं, कोर, बांगड्या, सगळं शाबूत. शहरातल्या मुली तिच्याशेजारी बसून खुंट्याला हात लावून फोटो काढतात. आत भाकरी थापणाऱ्या खऱ्या बायका मात्र पत्र्याच्या शेडमध्ये, धुरात, अंगात गाऊन आणि गळ्यात टॉवेल घालून. त्यांचा फोटो कुणी काढत नाही, आणि काढायला गेलं तर त्याच पाठ फिरवतात.

चित्रांचे भाव मात्र आकाशाला भिडले. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ साली ‘ग्रामयात्रा’ नावाचं लांबच लांब चित्र केलं. त्यात खेड्यातली तेरा दृश्यं आहेत, आणि बायकांचीच कामं त्यात ठायी ठायी दिसतात. ते चित्र कित्येक वर्षं ऑस्लोच्या इस्पितळात टांगलेलं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला आणि किंमत आली सुमारे ११८ कोटी रुपये. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढा पैसा कधी मिळाला नव्हता. पेपरात ही बातमी आली त्या दिवशी आमच्या गावात खुरपणीचा हजेरी दर वाढवावा की नाही यावर चावडीत वाद चालला होता.

मी अजून गावी जातो, वही घेऊन बांधावर बसतो. रानातली बाई आता वेगळीच दिसते. नऊवारी कधीच गेली. पाचवारी गोल साडी, आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. कॉलरची घडी फाटलेली, खिशावर एखाद्या पेनाचा डाग, बाह्यांची बटणं मनगटाशी घट्ट लावलेली, कारण ऊन लागू नये, उसाची पात हात कापू नये, कापसाची बोंडं टोचू नयेत. डोक्याला स्कार्फ, नाकातोंडावरून गुंडाळलेला. खिशात मोबाईल. पाण्याची घागर प्लास्टिकची, निळी, नाही तर पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन. हा शर्ट साडीवर चढला कधी ते कुणालाच सांगता येत नाही, पण महाराष्ट्रभर चढला. ऊसतोडीच्या फडातही तोच. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. फळी लवते, मोळीचा तोल जातो, ती मान ताठ ठेवते. डोक्यावर ओझं घेऊन ताठ चालणारी बाई हवी असेल तर ती ही आहे. चुंबळीसकट.

मी हा शर्ट काढायला घेतला आणि मग एक गोष्ट दिसली. दुपारच्या जेवणाला बायका लिंबाखाली जमल्या. डबे उघडले, एकीनं मोबाईलवर गाणं लावलं, दुसरी चक्क पाय पसरून आडवी झाली आणि तिनं रील बघायला सुरुवात केली. मग कुणीतरी म्हणालं, फोटो काढू. एका क्षणात सगळ्यांनी शर्ट उतरवले. स्कार्फ सुटले, पदर सारखे झाले, टिकली चाचपली गेली. एकीनं तर प्लास्टिकची घागर उचलून कमरेवर घेतली आणि मान वळवली. थेट खतवाल्याच्या कॅलेंडरासारखी. म्हणजे इतकी वर्षं मी चित्रकारांना नावं ठेवत आलो, आणि इथं सहा बायका स्वतःहून त्याच चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या, खुशीत, हसत. आत्यानं ते चित्र का काढू दिलं नव्हतं, ते आता कुठं मला कळू लागलंय. फोटो झाला आणि शर्ट परत अंगात चढले, कारण अजून अर्धं वावर बाकी होतं.

त्यांत आमच्या चुलतभावाच्या मंडळी, वहिनीही होत्या. त्यांना मी म्हटलं, “वहिनी, तुमचं चित्र काढायचंय. शर्टासकट.”

“ईऽ! शर्ट कशाला, भावजी? चांगलं लुगडं नेसून बसते की.”

“लुगड्याची लई झाली. शर्टाचंच पायजे.”

“मग ह्यो नको. ह्यांचा निळा हाय, त्यो घालते. ह्यो मळका दिसतोय.”

निळ्या शर्टावर आमचं जमलं. कागद, रंग, बोर्ड घेऊन मी तयार आहे. त्यांना फक्त अर्धा तास एका जागी बसायचं आहे. पहिल्यांदा सोयाबीनची काढणी निघाली, मग ज्वारीची पेरणी, आता हरभऱ्याला पाणी चालू आहे आणि लाइट रात्रीची येते. परवा फोन केला तर म्हणाल्या, “बसते की, भावजी. सुगी तेवढी उरकू द्या.”